उत्तर त्याचं, हात तुमचा: लेखनिकाच्या सेवेचं एक वर्ष

नाताळ जवळ आला की चर्चच्या तरुण संघाच्या बैठकीत एक प्रश्न हमखास निघतो: यंदा सेवेचं काय करायचं? मग फळवाटप ठरतं, ब्लँकेटं ठरतात, एक ग्रुप फोटो निघतो आणि जानेवारीत सगळे आपापल्या अभ्यासाला लागतात. त्यात वाईट काही नाही. थंडीत ब्लँकेट कुणीही दिलं तरी ऊब तेवढीच. पण ज्याला सेवेतून नम्रता शिकायची आहे, आणि पुढे आपण काय करावं याचाही काही अंदाज घ्यायचा आहे, त्याला असं काम हवं ज्यात तो मुख्य माणूस नसतो आणि जे अभ्यास सांभाळून वर्षभर निभतं. पुण्यात शिकणाऱ्या मुलामुलींच्या हाताशी असं एक काम आहे: अंध परीक्षार्थींचा लेखनिक होणं, म्हणजे ते सांगतील ते उत्तरपत्रिकेत लिहिणं, आणि परीक्षा नसताना त्यांच्यासाठी वाचन करणं.

लेखनिकाची पात्रता मोठी मजेशीर आहे. सर्वसाधारण नियम असा, की लेखनिकाचं शिक्षण परीक्षार्थीपेक्षा कमी असावं. म्हणजे बारावीच्या परीक्षार्थीला अकरावीतला चालतो, टीवायच्या (पदवीच्या तिसऱ्या वर्षाच्या) मुलीला एफवायची (पहिल्या वर्षाची) चालते, पदवीधरांच्या स्पर्धा परीक्षेला अजून पदवी न मिळालेला चालतो. शिक्षण वाढलं की पात्रता घटते, असं दुसरं काम सापडणं कठीण. त्यामुळे अकरावी आणि एफवायच्या मुलांना इथे सर्वांत जास्त मागणी असते, आणि एरवी त्यांना कुणी विचारत नाही. नेमकं किती इयत्ता खाली आणि विषय वेगळा हवा का, हे परीक्षेप्रमाणे बदलतं, नियमही मधूनमधून सुधारतात. म्हणून प्रत्येक वेळी त्या परीक्षेची सूचना स्वतः वाचायची. ‘मागच्या वेळी चाललं होतं’ यावर विसंबलात तर केंद्रावर दारातूनच परत यावं लागेल.

काम मिळवण्यासाठी सगळ्यात आधी आपल्याच कॉलेजात विचारा: दिव्यांग विद्यार्थ्यांचा कक्ष किंवा राष्ट्रीय सेवा योजनेचे प्राध्यापक. कोरेगाव पार्क आणि कोथरूड भागात अंध मुलामुलींच्या शाळा आहेत, तिथे कार्यालयात जाऊन नाव देता येतं. नाव देताना सोबत आपल्या स्वतःच्या परीक्षांचं वेळापत्रक न्या आणि कोणत्या तारखा मोकळ्या आहेत ते लिहूनच द्या. बोर्डाच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असतात; त्या काळात तुमच्याही चाचण्या असणार. पहिल्या हंगामात दोन पेपरांच्या वर घेऊ नका. उत्साहात सात पेपर घेऊन तिसऱ्याला तापाने आडवं पडणाऱ्यांचीच संख्या मोठी असते.

लेखनिकाने आदल्या रात्री नाही म्हटलं तर परीक्षार्थीचं वर्ष अडकू शकतं. त्याला दुसरा माणूस शोधून, त्याची कागदपत्रं करून, परवानगी मिळवायला वेळच उरत नाही. म्हणून नाव देतानाच एक राखीव नाव द्या, त्याच इयत्तेतलं, ज्याची कागदपत्रंही तयार असतील. चर्चच्या मंडळीतल्या दोन-तीन मुलांनी मिळून हे काम घ्यावं, याचं खरं कारण हे आहे.

सराव

पेपरच्या आधी किमान दोनदा भेटायचं. पहिल्या भेटीत जुनी प्रश्नपत्रिका घेऊन ४० मिनिटं प्रत्यक्ष सराव करा, घड्याळ लावून. परीक्षार्थी किती वेगाने सांगतो, वाक्य पूर्ण सांगतो की तुकड्यांत, मधेच मागे जाऊन बदल करतो का, हे तुम्हाला कळतं. तुमचा वेग त्याला कळतो. खुणा तिथेच ठरवायच्या: ‘नवा परिच्छेद’, ‘अधोरेखित’, ‘खोडा’, ‘शेवटचं वाक्य वाचा’. शेवटची खूण सर्वांत जास्त लागते.

गणित, अर्थशास्त्र, हिशेब असेल तर सराव दुप्पट करा. ‘ए अधिक बी भागिले दोन’ असं कुणी सांगितलं तर नुसत्या बीला दोनने भागायचं की संपूर्ण बेरजेला? डोळस माणूस वहीकडे बघून बोलतो, त्यामुळे ही अडचण त्याच्या कधी लक्षातच येत नाही. ‘अंशात ए अधिक बी, छेदात दोन’ किंवा ‘कंस सुरू, ए अधिक बी, कंस पूर्ण, भागिले दोन’ अशी भाषा दोघांनी ठरवून घ्या. भाषेच्या पेपरात ऱ्हस्व-दीर्घाचा प्रश्न येतो. ‘दिन’ आणि ‘दीन’ कानाला जवळजवळ सारखेच. संदर्भावरून कळतंय असं वाटलं तरी पहिली की दुसरी वेलांटी हे विचारा, कारण त्या वेलांटीचे गुण त्याचे आहेत. इंग्रजी स्पेलिंगचंही तसंच.

वाचन हे लिहिण्याइतकंच अवघड. प्रश्नपत्रिका आधी पूर्ण वाचून दाखवायची: सूचना, प्रश्न, कंसातले गुण, ‘कोणतेही तीन’ हे शब्दसुद्धा. त्यानंतर तो सांगेल त्या क्रमाने. बहुपर्यायी प्रश्नांत एक सूक्ष्म चूक जवळजवळ प्रत्येक नवा लेखनिक करतो: उत्तर माहीत असलं की बरोबर पर्यायावर आवाज किंचित चढतो किंवा रेंगाळतो. परीक्षार्थीचे कान तयार असतात, त्याला ते लगेच कळतं. मग तो बिचारा पेचात पडतो. स्वतःचं उत्तर द्यावं की तुमच्या आवाजातलं? चारही पर्याय एकाच सुरात, एकाच वेगाने वाचायला सराव लागतो. घरी फोनवर रेकॉर्ड करून ऐका, लगेच सापडेल.

पेपरच्या दिवशी

कागदपत्रं आदल्या रात्रीच पिशवीत: आधार, कॉलेजचं ओळखपत्र, फोटो, सही-शिक्क्याचा लेखनिक अर्ज, आणि केंद्र मागेल ते हमीपत्र. झेरॉक्सच्या दोन-दोन प्रती ठेवा. एकाच बनावटीची तीन पेनं घ्या, म्हणजे मधे शाई बदललेली दिसत नाही. फोन शक्यतो घरीच.

केंद्रावर ४५ मिनिटं आधी पोहोचायचं, कारण परवानगीपत्र तपासण्यात आणि वेगळी खोली मिळण्यात वेळ जातो. पुण्याच्या रस्त्यांचा हिशेब वेगळा धरावा लागतो. आषाढी वारीच्या दोन्ही पालख्या नाना पेठ-भवानी पेठेत मुक्कामाला असतात तेव्हा बसचे मार्ग बदलतात. पुरवणी परीक्षा त्याच सुमारास आली तर निघण्याची वेळ तासभर अलीकडे आणा.

दिव्यांग परीक्षार्थींना तासाला २० मिनिटं या हिशेबाने जादा वेळ मिळतो. म्हणजे ३ तासांचा पेपर ४ तास चालतो. चार तास दुसऱ्याच्या वेगाने लिहिणं हे हाताला आणि मानेला जाणवतं. पोटभर खाऊन जा, पाण्याची बाटली ठेवा, आणि दुपारी दोनला लगेच क्लास आहे असं काही ठरवू नका. लेखनिक घड्याळाकडे बघायला लागला की समोरच्याचं उत्तर आखूड होतं, हे लक्षात असू द्या. सुस्काराही ऐकू जातो.

आसन क्रमांक लिहून झाल्यावर एकेक आकडा मोठ्याने वाचून दाखवा. प्रत्येक उत्तराआधी प्रश्नक्रमांक आणि उपप्रश्न म्हणून दाखवा. लेखनिकाच्या हातून गुण जातात ते बहुधा इथेच: उत्तर अचूक, क्रमांक चुकीचा. शेवटची १५ मिनिटं उजळणीला ठेवायची, तीही त्याला हवी असेल तर.

चुकलेलं उत्तर

या कामाचा गाभा इथे आहे. परीक्षार्थी एक तारीख सांगतो. ती चुकीची आहे हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. हात थांबतो. सांगितलं तर ती कॉपी; न सांगता दुरुस्त केली तर ती कॉपीही आणि लबाडीही. चुकलेलं तसंच्या तसं लिहायचं, चेहरा आणि आवाज न बदलता. वाक्यरचना ओबडधोबड असली तरी तीच ठेवायची. ‘मी फक्त भाषा थोडी नीट केली’ असं सांगणारे लेखनिक असतात. त्यांनी परीक्षार्थीचा पेपर स्वतःचा केलेला असतो.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या १३ व्या अध्यायात येशूने शिष्यांचे पाय धुतल्याचा प्रसंग आहे. पवित्र गुरुवारी त्यावर प्रवचनं होतात आणि बहुतेक वेळा बोलणं येशूच्या घंगाळावर आणि पंचावर थांबतं. पण तिथे पेत्र या शिष्याच्या दोन चुका आहेत. आधी तो पाय धुऊ देत नाही. आणि पटल्यावर लगेच दुसऱ्या टोकाला जातो, म्हणतो मग हात आणि डोकंही धुवा. येशू त्याला थांबवतो: ज्याची आंघोळ झाली आहे त्याचे पायच धुवायचे असतात. जेवढं हवं तेवढंच, त्याहून जास्त नाही. सेवा करणाऱ्याला ही दुसरी मर्यादा पहिलीपेक्षा जड जाते, विशेषतः हुशार विद्यार्थ्याला. वर्गात हात वर करून उत्तर देण्याची ज्याला सवय, त्याने चार तास उत्तर गिळून बसायचं.

मार्काच्या १० व्या अध्यायातला बार्तिमय तर या कामासाठी पाठच करावा. यरीहोच्या वाटेवरचा हा अंध भिकारी येशूला हाका मारतो, आणि येशू त्याला विचारतो, मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे? उत्तर उघड असताना विचारतो. रस्त्यात अंध माणसाचा दंड धरून त्याला न विचारता पलीकडे नेणाऱ्यांनी हे वचन वाचावं. पुष्कळदा त्याला पलीकडे जायचंच नसतं. आधी नाव सांगून बोला, मदत हवी का विचारा, हवी म्हणाला तर आपलं कोपर पुढे करा आणि त्याला धरू द्या. काठीला हात लावू नका. निघताना ‘मी जातोय’ असं म्हणा, नाहीतर तो रिकाम्या खुर्चीशी बोलत बसतो.

याच ओघात एक स्पष्ट सांगायला हवं. सरावाच्या वेळी पत्रकं देणं, न विचारता डोक्यावर हात ठेवून दृष्टीसाठी प्रार्थना करणं, उपासनेला येण्याचा आग्रह धरणं, हे करू नका. अनेक अंध विद्यार्थ्यांनी अशा प्रार्थना नको तितक्या वेळा ऐकलेल्या असतात, सगळ्या धर्मांच्या लोकांकडून. परीक्षा तोंडावर असताना ‘नको’ म्हणणं त्यांना अवघड जातं, कारण लेखनिक हातचा जाईल अशी धास्ती असते. विचारलं तर आपला विश्वास सरळ सांगा. प्रार्थना करायचीच असेल तर त्याच्या अर्थशास्त्राच्या पेपरसाठी करा, घरी.

स्पर्धा परीक्षा पुष्कळदा रविवारी असतात. उपासना बुडेल म्हणून नकार द्यावा का? लूक १४ मध्ये शब्बाथ दिवशी विहिरीत पडलेल्या बैलाला कोण वर काढणार नाही, असा प्रश्न आहे. उत्तर त्यातच आलं. पाळकांना किंवा फादरना आधी सांगा, गायनवृंदात असाल तर बदली आवाजाची सोय करा, संध्याकाळची उपासना असेल तर तिला जा.

परीक्षा नसताना

जून ते ऑक्टोबर हा वाचनाचा काळ. आठवड्यातून दोन तास पुरेत, वार आणि वेळ ठरलेली हवी. आज बहुतेक अंध विद्यार्थी पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या फोनवर वाचतात. त्यामुळे खरी गरज असते ती फोनला वाचता येईल अशा मजकुराची. पानाचा फोटो काढून पाठवलेली पीडीएफ त्यांच्या फोनला कोरं चित्र वाटते. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमधली फाइल तर अगम्य अक्षरं बडबडते. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही फोनला ओळखता येणाऱ्या अक्षरांत, टाइप केलेला हवा. मोबाइलवर बोलून टाइप करून नंतर तपासलं तरी चालतं, पण तपासणं टाळू नका. ‘मागणी’ची ‘मांडणी’ झाली की अर्थशास्त्राचं प्रकरण कोसळतं. दिव्यांग व्यक्तींना वाचता यावं म्हणून पुस्तकाचं असं रूपांतर करायला कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने मुभा दिली आहे, मात्र ते नफ्यासाठी नसावं आणि इतरत्र फिरू नये.

ध्वनिमुद्रण करणार असाल तर पंखा बंद, फोन तोंडापासून वीतभर अंतरावर, एका फाइलमध्ये १५ ते २० मिनिटं. सुरुवातीला पुस्तक, प्रकरण आणि पान सांगा. आलेख आला की ‘इथे आकृती आहे’ म्हणून पुढे पळू नका: आडव्या अक्षावर काय, उभ्यावर काय, रेषा कुठून कुठे उतरते, ते सांगा. नाट्यमय वाचन नको. ऐकणारा पुष्कळदा ते दीडपट वेगाने ऐकतो.

वही

प्रत्येक भेटीनंतर त्याच दिवशी चार ओळी. तारीख आणि तास. आज काय मागितलं गेलं. माझं काय चुकलं. मला काय नवीन कळलं. परीक्षार्थीचं नाव, कॉलेज, गुण यातलं काहीही लिहायचं नाही. पहिले तीन महिने भावना लिहू नका; ‘मन भरून आलं’ हे वाक्य वहीत फार लवकर येतं आणि मग तेच ते येत राहतं. ‘प्रश्न ३ ब वाचायचा राहिला, त्याने आठवण केली’ ही ओळ जास्त कामाची.

फोटो काढू नका, स्टेटस ठेवू नका. उजवा हात काय करतो हे डाव्याला कळू नये, हे मत्तयाच्या ६ व्या अध्यायातलं वचन लेखनिकाला अक्षरशः लागू आहे. तरुण संघात साक्ष द्यायला, म्हणजे आपला अनुभव मांडायला, सांगितलं तर चार मिनिटं बोला, आणि त्यातली तीन मिनिटं काम कसं करायचं यावर, म्हणजे पुढच्या हंगामाला दोन नवी नावं मिळतील.

सहा महिन्यांनी वही सलग वाचा आणि दोन रंगांनी खुणा करा. एका रंगाने, कुणी न सांगता तुम्ही जे जास्तीचं केलं ते: टाइप करणं, आकृती समजावणं, कागदपत्रांची धावाधाव. दुसऱ्या रंगाने, पुन्हा पुन्हा आलेली अडचण, जी तुमच्या दोन तासांनी सुटणार नाही. भविष्याचा विचार या दोन रंगांपासून सुरू करायचा. पंडिता रमाबाईंनी पुणे–दौंड मार्गावर केडगावला मुक्ती मिशन उभं केलं, तिथे अंध मुलींना ब्रेल शिकवलं जाई, छापखाना मुलीच चालवत. सामान्य बायकांना समजेल अशा मराठीत पवित्र शास्त्र नाही, ही उणीव त्यांना दिसली. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि १९२२ मध्ये निधन होईपर्यंतची अनेक वर्षं त्या भाषांतराला दिली. आधी उणीव, मग तिच्यासाठी लागणारं कौशल्य, मग वर्षं, हा क्रम बघा. आपल्याकडे बहुतेक जण उलटं करतात: आधी पदवी, मग ती कुठे खपेल याचा शोध.

तुमच्या वहीत आकृत्या आणि गणित सारखं येत असेल तर विशेष शिक्षणातला बी.एड. किंवा पदविका बघा. प्रवेशाआधी त्या अभ्यासक्रमाला भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता आहे का ते तपासा, नाहीतर नोंदणी अडते. न वाचता येणाऱ्या फाइल आणि अॅप यांचीच तक्रार असेल तर संगणकाची वाट धरा. अंध माणसाला वापरता येईल असा कोड लिहिणारे कमी आहेत. कागदपत्रांची धावाधाव आवडली असेल तर समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, त्यासाठी कर्वेनगरची कर्वे समाजसेवा संस्था आहे. धर्मशिक्षणाकडे ओढ असेल तर बिबवेवाडीला युनियन बिब्लिकल सेमिनरी आणि रामवाडीला ज्ञानदीप आहे, पण तिथे जाण्याआधी पाळकांशी आणि घरच्यांशी सविस्तर बोला. ‘देवाचं पाचारण आहे’ हे वाक्य कधीकधी सीएची परीक्षा अवघड वाटते म्हणूनही सुचतं. आणि सीए व्हायचं ठरलं तरी बिघडत नाही. हिशेब वाचून दाखवणारा माणूसही लागतोच.

शिष्यवृत्ती किंवा वसतिगृहाच्या अर्जात ‘स्वतःविषयी ३०० शब्द’ मागतात, तिथे वही कामाला येते. ‘मी अत्यंत नम्र असून मला लहानपणापासून समाजसेवेची आवड आहे’ हे वाक्य निवड समितीने त्याच दिवशी तीसेक वेळा वाचलेलं असतं, शिवाय स्वतःला अत्यंत नम्र म्हणणारा माणूस गमतीदार दिसतो. त्याऐवजी असं लिहा: ‘गेल्या वर्षी मी अंध विद्यार्थ्यांचे ४ पेपर लिहिले आणि अर्थशास्त्राची २ प्रकरणं युनिकोडमध्ये टाइप करून दिली. सुरुवातीला मी परीक्षार्थीची वाक्यं नकळत सुधारत असे. ते थांबवायला मला तीन सराव लागले. आकृत्यांचं वर्णन मला अजून नीट जमत नाही. विशेष शिक्षण शिकायचं आहे ते त्यासाठी.’ संपूर्ण अर्जात ‘नम्र’ हा शब्द नको. वाचणाऱ्याला तो सुचला पाहिजे. आकडे मात्र वहीतलेच हवेत. चारचे सहा करू नका.

टीवायला पोहोचलात की तुमची पात्रता बरीचशी संपते. त्या जूनमध्ये संपर्कांची यादी, राखीव नावं, अर्जाचे नमुने आणि ठरवलेल्या खुणांचा कागद मंडळीतल्या अकरावीच्या मुलाकडे किंवा मुलीकडे सोपवा, आणि पहिल्या सरावाला त्यांच्यासोबत जाऊन मागच्या बाकावर गप्प बसा. वही देऊ नका, ती तुमची.